थंडीआधी घरातला विस्तव तपासू या

 

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या निफाड तालुक्यात पहाटेची हवा बदलते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमानाची नोंद होते. काही वर्षी तिथे पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. थंडी वाढली की द्राक्षबाग जपायला आपण रात्री बांधावर शेकोट्या पेटवतो. बागेची काळजी घेतो, पण घरातला बंब, शेगडी, गॅस, नळ यांच्याकडे बघायचं राहून जातं. म्हणून आज त्याविषयी बोलू या.

आधी गेल्या पौषातली गोष्ट सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ १२ दिवसांचं. रात्री ताई आणि त्यांचे मालक बागेत शेकोट्या पेटवायला गेले. जाताना ताईंनी बंबातले निखारे घमेल्यात काढले आणि लेकीच्या बाजेखाली ठेवले. खिडकी लावली, दाराच्या फटीला गोधडी लावली. लेकीला, नातवाला गार लागू नये, एवढाच विचार.

पहाटे ताई परत आल्या. हाक मारली तर लेक उठेना. उलटी झालेली, अंग ढिलं पडलेलं. बाळाचा आवाजही मलूल. ताईंनी दोघांना ओढतच ओसरीवर आणलं. शेजाऱ्यांनी १०८ ला फोन केला. दवाखान्यात प्राणवायू लावला आणि दोघं वाचली. पुढच्या बैठकीत ताई एवढंच म्हणाल्या, "धूर नव्हता गं बाई, नुसते लाल निखारे होते. म्हणून मला वाटलं, काही होत नाही."

मैत्रिणींनो, आपण सगळ्या इथेच फसतो. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण त्याला भितो. पण बंद खोलीत निखारे धुमसतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही, ते झोपेतच बेशुद्ध होतं.

बैठकीत एका आज्जींनी विचारलं, "आम्ही सगळ्या शेगडीजवळच बाळंत झालो. आम्हाला कुठं काय झालं?" आज्जींचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तेव्हाची घरं आठवा. वर कौलं, भिंती कुडाच्या, दाराला फटी. वारा आत-बाहेर खेळायचा. आता वर स्लॅब आहे, खिडकीला काच आहे, दार घट्ट बसतं. घर बदललं, विस्तव मात्र तसाच आत आणला जातो. हे ऐकून आज्जी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "खरंय. आमच्या खोलीतून रात्री चांदणं दिसायचं."

मग बाळ-बाळंतिणीला ऊब कशी द्यायची? बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट ठेवून त्याला आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून दोघांवर पांघरूण घ्यायचं. बाळाचं तोंड-नाक मात्र मोकळं ठेवायचं. आईच्या अंगासारखी ऊब शेगडी देत नाही. आई दमली तर आजीनं किंवा बापानं तसंच धरावं. बाळंतिणीला शेक हवाच असेल तर तव्यावर फडकं गरम करा, आधी आपल्या गालाला लावून बघा, मग द्या. झोपायच्या खोलीत निखारे नकोतच.

आता बंबाकडे वळू. बंबाची जागा अंगणात किंवा पडवीत, बंद न्हाणीघरात नाही. मधल्या नळकांड्यात वर्षाची काजळी साठलेली असते, ती काढा. जाळीखालची राख काढा, म्हणजे हवा खालून वर जाईल. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नका, तळ जळतो आणि सांधे सुटतात. तोटी गळत असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

ज्यांच्याकडे गॅसचा गिझर आहे, त्यांनी नीट ऐका. गिझरची ज्योतही बंद न्हाणीघरात तोच वायू तयार करू शकते. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. आतच असेल तर बाहेर हलवेपर्यंत आधी बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार उघडून हवा जाऊ द्यायची आणि मगच अंघोळीला बसायचं. थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावू नका. गॅसच्या नळीवर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर गळती आहे. नळीला चिरा दिसल्या किंवा ५ वर्षं झाली की नळी बदला. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

विजेच्या रॉडचंही तसंच. १५०० वॉटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढतो. पंख्या-दिव्याच्या छोट्या सॉकेटला तो झेपत नाही, वायर तापते. त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि चांगलं अर्थिंग हवं. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. पाणी तापलं का, ते हात घालून बघण्याची सवय मोडा. वायरमनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली तर शॉक लागताच वीज तुटते.

गच्चीवर सोलर असेल तर टाकीच्या तळाचा गाळ वर्षातून एकदा सोडून द्या. आपल्या बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर आत बसतो. गरम पाण्याच्या उघड्या पाइपावर फोमची नळी चढवा, म्हणजे पाणी वाटेत गार होत नाही. सुरुवातीचं गार पाणी मोरीत सोडू नका, बादलीत धरा, भांड्यांना होतं. गळक्या नळाचा वायसर बदलायला फार खर्च येत नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. घरात लहान पोर असेल तर हा क्रम कधीच उलटा करू नका.

आम्ही आमच्या गटात यंदा एक ठरवलंय. पहिल्या थंडीआधी एका दुपारी चौघी-चौघींनी मिळून एकमेकींच्या घरी जायचं. बंब, गिझर, नळी, सॉकेट बघायचं. बाळंतीण असेल तिथे आधी जायचं आणि तिच्या सासूशी किंवा आईशी प्रेमानं बोलायचं. कुणाला गिझर हलवायला पैसे लागले तर गटातून कर्ज द्यायचं. त्या ताईच सगळ्यांत पुढे असतात. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून आपली चूक सांगायला धीर लागतो, तो त्यांनी दाखवलाय.

आणि तरीही कुठे असं घडलंच, तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच.

आज रात्री झोपण्याआधी घरात कुठे विस्तव आहे का, तेवढं बघून या. असेल तर बाहेर ठेवा.