बदकं आणि गोगलगायी

जॉन चेस्टर चित्रपट बनवायचे, त्यांची पत्नी मॉली स्वयंपाकात तरबेज. २०११ मध्ये लॉस एंजेलिसचं बिऱ्हाड हलवून दोघांनी मूरपार्कजवळची सुमारे २०० एकरांची पडीक लिंबूबाग गाठली. पैसा गुंतवणूकदारांचा होता, हे विसरायला नको. पदरमोड करून एवढं झेपलं नसतं.

जमीन दगडासारखी कडक झाली होती. सल्लागार ॲलन यॉर्क यांचा आग्रह एकच: विविधता वाढवा. मग गांडूळखत आलं, आच्छादन पिकं आली, जनावरं आली, नाना जातींची फळझाडं लागली. आणि झाडांबरोबर कीडही आली! लिंबूवर्गीय झाडांवर गोगलगायी चढल्या. सोयाबीनवरच्या गोगलगायींनी हैराण झालेल्या आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना हा ताप वेगळा सांगायला नको. चेस्टर दांपत्यानं बागेत बदकं सोडली. बदकांनी गोगलगायी फस्त केल्या, वर खतही दिलं.

मुळं कुरतडणाऱ्या गोफरांच्या, म्हणजे तिकडच्या बिळात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यांच्या, बंदोबस्तासाठी गव्हाणी घुबडांना घरटी दिली. कोंबड्या पळवणाऱ्या कोयोटला, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याला, जॉननी एकदा गोळीही घातली. कोयोट गोफरही खातात, हे ध्यानात यायला वेळ लागला. २०१८ च्या ‘द बिगेस्ट लिटल फार्म’ या माहितीपटात जॉननी तो प्रसंगही ठेवला आहे.