पाण्याची वर्गणी

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या हा विषय शिकवते. मेळाव्याला बोलावले की रब्बी ज्वारीची पेरणी, हरभऱ्याचे बियाणे, खताची मात्रा यांवर मी बोलावे अशी अपेक्षा असते. आज मात्र पिकाच्या नव्हे, माणसाच्या पिण्याच्या पाण्याविषयी बोलणार आहे. ज्या घरात ऐन पावसाळ्यात दोन माणसे हगवणीने अंथरुणाला खिळतात, त्या घरची खुरपणी वेळेवर होत नाही. तणाने पीक खाल्ले की आम्ही तज्ज्ञ मंडळी तणनाशकाचे नाव सांगून मोकळे होतो, पिण्याच्या विहिरीत डोकावून कोणी पाहत नाही.

नुसत्या पाण्याच्या काळजीने काय साधते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना नारूच्या रोगावरून आठवेल. पायाच्या फोडातून हातभर लांबीचा किडा काडीवर गुंडाळत थोडा थोडा बाहेर काढावा लागे आणि माणूस पेरणीच्या दिवसांत घरी पडून राही. या रोगावर लस नव्हती, किडा मारणारे औषधही नव्हते. रोगी माणूस पायविहिरीत उतरला की पाणी दूषित होई आणि तेच पाणी सगळे गाव पिई. पायऱ्या बंद करून कठडा बांधणे, हातपंप बसवणे, पाणी फडक्याने गाळून घेणे, मुख्यतः अशा उपायांनी हा रोग हटला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

आता मूळ मुद्दा लोकवर्गणीचा. २००२ च्या स्वजलधारा योजनेत भांडवली खर्चाच्या १० टक्के वाटा गावाने उचलावा अशी अट होती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांतही गावातील कामांसाठी १० टक्के, तर डोंगराळ भागात आणि निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जाती-जमातींची असलेल्या गावांत ५ टक्के लोकवाटा धरला आहे. तो रोख, वस्तुरूपाने किंवा श्रमदानाने देता येतो. काही ठिकाणी ही रक्कम कोणीतरी एकटाच भरून टाकतो, कधी कधी तर काम घेणारा कंत्राटदारच. गावाला वाटते, बरे झाले, खिशाला चाट बसली नाही. माझ्या मते योजना तेथेच मरते.

आमचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात राहतात. त्यांच्या कामाच्या तपासणीसाठी मी दोन गावांत वरचेवर जात असे. नावे सांगत नाही. पहिल्या गावात टाकी उभी होती, नळ होते, पाणी नव्हते. मोटार जळून आठ महिने झाले होते आणि वीजबिल थकले होते. मी विचारले तर एक गृहस्थ म्हणाले, "बाई, टाकी सरकारची, मोटार सरकारची. आम्ही काय करणार?" त्यांच्या सूनबाई त्याच वेळी डोक्यावर दोन हंडे घेऊन ओढ्याकडून येत होत्या.

दुसरे गाव म्हणजे खरे तर ६४ घरांची वाडी. दर घरी १,५०० रुपये ठरले. म्हणजे जमायचे होते ९६,००० रुपये. गावकीच्या सवयीप्रमाणे जमीनदार आणि भूमिहीन दोघांना सारखाच आकडा लावला होता, हे मला पटले नाही आणि मी तसे बोललेही. पण बायकांनी त्यातून वाट काढली. ज्यांना रोख जमत नव्हते त्यांनी नळाचा चर खणायचा आणि त्या दिवसाची मजुरी गावच्या दराने त्यांच्या नावावर जमा करायची. पैसे दिले काय आणि चर खणला काय, पावती एकसारखीच. पावतीवर घरच्या बाईचेही नाव घालायचे, हा आग्रह बचत गटाचा.

या पावतीने पुढे काय केले ते ऐका. पाइप टाकत टाकत काम शेवटच्या ११ घरांच्या अलीकडे थांबले. ती घरे दलित वस्तीतली. उंचवटा आहे, दाब पुरणार नाही, असे कारण सांगण्यात आले. ग्रामसभेत एक वयस्क बाई उठल्या. विधवा, स्वतःची जमीन नाही, चरावर नऊ दिवस राबलेल्या. त्या म्हणाल्या, "पावती माझ्याजवळ हाय. पाणी कुठं हाय ते सांगा." सभेत कोणाला उत्तर सुचेना. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला, तो अजून प्रत्येक वाडीत नव्याने मागावा लागतो, ही गोष्ट मला त्या दिवशी फार बोचली. पुढे टाकीपासून त्या वस्तीला वेगळी नळी टाकली. सकाळी पहिला अर्धा तास तीच सोडायची असे ठरले. दाब पुरला.

नळ आल्यावर खरा खर्च सुरू होतो. या वाडीत दर घरी महिना ६० रुपये जमतात. त्यातून वीजबिल, मोटारीची दुरुस्ती आणि टीसीएल पावडर. पावडरीचा हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर पाणी भरते सुमारे ३७,७०० लिटर. १,००० लिटरला २.५ ग्रॅम धरले तर ९५ ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ असल्यास जास्त. पावडर बादलीत कालवावी, चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि किमान अर्धा तास उपसा करू नये. उघड्या पोत्यातील पावडरीची ताकद उडून जाते, म्हणून ती बंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा.

एक गोष्ट माझ्या विषयाची. पिण्याच्या विहिरीला लागून उकिरडा ठेवू नका आणि शेजारच्या उसाला युरियाचा मारा करू नका. पिकाने न घेतलेला नत्र नायट्रेट होऊन पाण्यात झिरपतो. लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या मुलाला घातक ठरू शकते. पाणी उकळून तो जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. वर्गणी काढून बांधलेली विहीर आपल्याच खताने नासवायची, यात काय शहाणपण?

वाडीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. दर महिन्याची जमा, खर्च आणि थकबाकीदारांची नावे बचत गटातील मुली खडूने लिहितात. मागच्या खेपेस मी गेले तेव्हा सात घरांची बाकी होती. त्यात उपसरपंचांचे नाव होते. ते माझ्याशेजारीच उभे होते. मी फळा वाचते आहे हे पाहून त्यांनी खिशात हात घातला.