शेपटी, खाच आणि यंत्र



वसंत व्याख्यानमालेत सुतारकामावर व्याख्यान, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याच्या विद्येतील उलथापालथ हा समाजाचाच प्रश्न होय. म्हणून आज आपण एका सांध्यापुरता त्याचा विचार करू.

जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुने सागवानी टेबल दिसले, तर त्याचा खण बाहेर ओढून कोपरा पाहा. बाजूच्या फळीचे टोक कबुतराच्या शेपटीसारखे पसरत गेलेले आणि पुढल्या फळीच्या खाचेत बसलेले पुष्कळदा आढळेल. हाच डव्हटेल सांधा. प्राचीन इजिप्तमधील लाकडी सामानातही तो सापडला आहे. खण आपण रोज ओढतो. ओढीने खिळा ढिला होतो, शेपटी मात्र खाचेत अधिकच अडते. शिवाय आपल्या उपनगरांतील पावसाळ्यात लाकूड तंतूंना आडवे फुगते. या सांध्यात दोन्ही फळ्यांचे तंतू एकाच रीतीने ठेवलेले असतात, त्यामुळे त्या बरोबरीने फुगतात आणि कोपरा तडकत नाही.

पूर्वी हे काम गुण्या, बारीक दातांची करवत, पटाशी आणि मोगरी यांवर चाले. मऊ लाकडाला सहास एक, कठीण लाकडाला आठास एक असा उतार आखावयाचा आणि रेघ न खाता कापावयाचे. हात बसावयास फार काळ लागे. आता विजेचा राऊटर आला आहे. त्याचे पाते मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेऊ शकते. जिग म्हणजे बोटांसारखे दात असलेला साचा. त्यात एक फळी उभी, एक आडवी, अर्ध्या घराने सरकवून आवळली आणि राऊटर दातांतून फिरवला, की शेपट्या व खाचा एकदमच कापून निघतात.

मग शिकावयाचे उरले काय? पुष्कळच उरले! सांधा ढिला आला तर पाते किंचित खाली उतरवावे, घट्ट आला तर किंचित वर घ्यावे. आपल्या सुतारांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि हे ‘किंचित’ त्या सुताच्याही अंशात मोजावयाचे असते. कारण साधे आहे. पाते तळाशी रुंद व वर अरुंद. ते खोल गेले की शेपटीच्या टोकाशी त्याचा अरुंद भाग येतो, टोक कमी खाल्ले जाते आणि शेपटी जाड राहते. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर चाचणी, मगच खरी फळी. तंतू उखडू नयेत म्हणून पहिला फेरा हलका. पाते थांबेपर्यंत राऊटर साच्यावरून उचलावयाचा नाही, नाहीतर सांधाही जातो आणि साचाही. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला मुखपट्टी हवीच. लाकडाचा भुसा माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला आहे.

आता मुख्य मुद्दा. जिगवर पोरगा एका दिवसात उभा करता येतो, म्हणून त्याला कारागिराची मजुरी कशाला, असा हिशेब मांडणारे मालक निघतात. हा हिशेब आखूड आहे. ठरीव दातांच्या साच्यातून एकाच मापाच्या शेपट्या निघतात. फळीची रुंदी त्या मापात बसली नाही तर कडेला अर्धवट शेपटी उरते. तेव्हा काय करावे, हे साचा सांगत नाही. सांध्याचे मर्म जाणणारा सांगतो. शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. या दोहोंचा हेतू यंत्राला हात पुरविणे एवढाच नसून जाणते हात घडविणे हाही आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून आमची सूचना एवढीच, की शिकाऊ मुलाने पहिला कोपरा करवतीने व पटाशीने कापावा, दुसरा यंत्राने. पहिल्याने तो कारण शिकेल, दुसऱ्याने वेग. आणि आपण घरी कपाट करवून घ्याल तेव्हा पॉलिश पाहण्याआधी खण ओढून कोपरा पाहा. ज्या कामाला पारखी गिऱ्हाईक असते, त्याच कामाला कारागीर टिकतो.