सहा बाटल्या आणि एक खोटी ओळ

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘बेसिकली’ थोडे कमी केलेत.)

आजचा विषय बिअर आहे, त्यामुळे घरात मोठ्या स्पीकरवर ऐकत असाल तर आत्ताच हेडफोन लावा. आणि कायद्यानं पिण्याच्या वयात नसाल, तर पुढच्या भागात भेटू.

गेल्या वेळी मी सहज बोलून गेलो होतो, की मी बेल्जियममधून ऑनलाइन बिअर मागवली आणि त्यात माझी चांगलीच फजिती झाली. त्यावर इतके मेसेज आले, की एवढे तर डेटाबेसवाल्या भागालाही आले नव्हते. तर ती गोष्ट आज पूर्ण सांगतो.

मी राहतो इंग्लंडमध्ये, लीड्सला. ऑफिसमधले इंग्रज सहकारी शुक्रवारी लंडन गाठतात, युरोस्टार पकडतात, वीकेंडला ब्रसेल्समध्ये बिअर पितात आणि सोमवारी डेस्कवर हजर. मला तसं करता येत नाही. आपला पासपोर्ट भारतीय. ब्रिटनचा वर्क व्हिसा असला तरी बेल्जियमला जायला शेंगेन व्हिसा लागतो. म्हणजे अपॉइंटमेंट, बँकेची स्टेटमेंट्स, कंपनीचं पत्र, आणि मग वाट बघणं. त्यामुळे एके रात्री मनात आलं, मला जाता येत नसेल, तर बाटलीला तरी इकडे येऊ दे.

आता बाटली कुठली, ते सांगतो. वेस्टव्लेटरेन 12. बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ, सिंट-सिक्स्टस नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे. 1831 मध्ये स्थापन झालेला. तिथले साधू 1838 पासून बिअर करतात. हो, साधू. मी आईला हे फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मठात दारू गाळतात, आणि तू ते मला कौतुकानं सांगतोयस?” पण ट्रॅपिस्ट बिअरचा नियमच तसा आहे. ती मठाच्या आवारातच व्हायला हवी, साधूंच्या देखरेखीखाली व्हायला हवी, आणि येणारा पैसा मठाचा खर्च, तिथली माणसं आणि दानधर्म यासाठी जायला हवा. शिमे, ओर्वाल, वेस्टमाल, रोशफोर हीसुद्धा त्याच घराण्यातली नावं.

फरक असा, की शिमे किंवा वेस्टमाल जगभरच्या दुकानांत मिळतात. सिंट-सिक्स्टसचे साधू मात्र मठ चालवायला लागेल तेवढीच बिअर करतात. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवत नाहीत. 2005 मध्ये एका बिअर रेटिंग साइटनं त्यांची 12 नंबरची बिअर जगात पहिली ठरवली आणि मठाबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. दुसरा कुणी असता तर त्यानं नवा प्लांट टाकला असता. यांनी काय केलं? फोन बुकिंग. फोन लावायचा, लागला तर आपल्या गाडीचा नंबर सांगायचा, दिलेल्या वेळी त्याच गाडीनं जायचं आणि ठरलेले क्रेट घ्यायचे. फोन मात्र लागायचाच नाही, आपल्या तत्काळ तिकिटासारखं. 2019 मध्ये त्यांनी वेबसाइट सुरू केली. त्यामागचा एक हेतूच हा होता, की नफ्यासाठी पुन्हा विकणाऱ्यांना आळा बसावा आणि खऱ्या पिणाऱ्याला बिअर मिळावी. कारण विकत घेणाऱ्याला मठाची एकच अट असते. ही बिअर स्वतःसाठी घ्या, पुढे विकू नका.

ही अट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

2018 मध्ये नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केट साखळीनं हीच बिअर दुकानात मांडली होती. मठात दोन युरोंच्या आत मिळणारी बाटली तिथे जवळपास दहा युरोंना! साधू चांगलेच नाराज झाले. हे मला माहीत होतं. मी तो किस्सा मित्रांना रंगवून सांगितलेला आहे. आणि तरीही 2024 च्या एका रात्री मी समुद्रापलीकडच्या एका ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये सहा बाटल्या टाकल्या. बाटल्यांचे 78 पाउंड, शिपिंगचे 24. एकूण 102. ‘पे’ दाबलं आणि शांत झोपलो.

नऊ दिवसांनी कुरिअर कंपनीची ईमेल आली. पार्सल कस्टम्सपाशी अडकलंय. कागदांवर आत ‘शोभेच्या काचवस्तू, भेट’ असं लिहिलंय. हे बरोबर आहे का, ते कळवा आणि बिल जोडा.

शोभेच्या काचवस्तू!

मी लगेच दुकानाला लिहिलं. तासाभरात उत्तर आलं, अगदी गोड भाषेत. आम्ही नेहमी असंच लिहितो, तुम्ही फक्त ‘हो, बरोबर आहे’ म्हणा, पार्सल सुटेल.

मी ती ईमेल उघडून बसलो होतो. एक शब्द टाइप करायचा होता. येस. आणि खरं सांगतो, मी तो टाइप केलासुद्धा. पाठवला नाही, एवढंच. कारण तेवढ्यात डोक्यात आलं, की या देशात मी व्हिसावर आहे. उद्या कुठल्या तरी फॉर्मवर विचारलं, की तुम्ही कधी सरकारी यंत्रणेला खोटी माहिती दिली आहे का, तर? दुकानदाराचं नाव कुठेच येणार नाही. तो पार्सल पाठवून मोकळा झाला. माल देशात आणणारा माणूस कागदोपत्री मी आहे.

मग म्हटलं, हा माणूस नेमके किती पैसे वाचवतोय, ते तरी बघू. रात्री साडेबाराला स्प्रेडशीट उघडली. इंजिनिअरला भीती वाटली की तो स्प्रेडशीट उघडतो.

हिशोब ऐका. ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2023 पासून दारूवरची ड्यूटी तीव्रतेनुसार लागते. 8.5 टक्क्यांपासून 22 टक्क्यांपर्यंतच्या पेयाला, मी मागवलं तेव्हा, शुद्ध अल्कोहोलच्या एका लिटरमागे 28.50 पाउंड. वेस्टव्लेटरेन 12 आहे 10.2 टक्के. सहा बाटल्या, प्रत्येकी 330 मिली, म्हणजे 1.98 लिटर बिअर. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण 0.2 लिटर. ड्यूटी किती? 5 पाउंड 76 पेन्स. सहा पाउंडही नाही! त्यावर माल, शिपिंग आणि ड्यूटी धरून 20 टक्के व्हॅट, म्हणजे 21.55. एकूण कर 27 पाउंड 31 पेन्स.

आणि ‘भेट’ लिहून काय साधणार होतं? भेटवस्तूला 39 पाउंडांपर्यंत व्हॅट माफ असतो खरा, पण दारूवरची ड्यूटी भेट असली तरी लागतेच. म्हणजे ती पळवाटही नव्हती. नुसतं खोटं होतं.

हिशोब झाल्यावर मी त्या सगळ्या साखळीकडे पाहिलं. आमच्या कामात आपण एक लायब्ररी घेतो, ती दुसरीवर अवलंबून असते, दुसरी तिसरीवर, आणि खाली कुठेतरी कुणीतरी गडबड करून ठेवलेली असते. प्रॉडक्शन पडलं की फोन आपल्यालाच येतो. इथेही तसंच होतं. पहिल्या कुणीतरी मठात कबूल केलं, की पुढे विकणार नाही, आणि विकली. दुकानानं ती घेतली. दुकानानं काचवस्तू लिहिलं. आता पुढचं खोटं बोलायची पाळी माझी होती. आणि मी स्वतःला बिचारा गिऱ्हाईक समजत होतो! अहो, ती साखळी माझ्यासारख्याच्या 78 पाउंडांवर तर चालते.

मी ईमेलमध्ये लिहिलं, आत बिअर आहे, सहा बाटल्या, इतके टक्के, हे बिल, कर भरायला तयार आहे. पाठवलं. मग दोन आठवडे काही नाही. कस्टम्सला असा माल जप्त करायचा अधिकार असतो, त्यामुळे रोज पोस्टाच्या पाकिटाकडे धडधडत बघायचो. शेवटी बिल आलं. कर, शिवाय कुरिअरची 12 पाउंड हाताळणी फी. भरलं. खोकं आलं, ते एका कोपऱ्यात ओलं होतं. सहातली एक बाटली फुटलेली. एकूण खर्च 141 पाउंड 31 पेन्स. पाच बाटल्यांना भागा. एक बाटली 28 पाउंडांना पडली.

आता चव. सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही मला सोडणार नाही. मनुका, खजूर, काकवी, थोडी भाजलेल्या पावाची कड, आणि शेवटी गोडवा न चिकटता कोरडं संपणं. सुंदर आहे, वादच नाही.

पण मी एक प्रयोग केला. त्याच भागात वाटू नावाचं गाव आहे, तिथे सेंट बर्नार्डस ही ब्रुअरी आहे. 1946 ते 1992 ही ब्रुअरी मठाच्याच परवान्यानं सिंट-सिक्स्टसची बिअर करायची. परवाना संपला, पण त्यांची आब्ट 12 अजूनही त्याच वळणाची आहे, 10 टक्क्यांची. लीड्समध्ये ती मला सरळ दुकानात चार-साडेचार पाउंडांना मिळते, कर भरलेली. चार मित्रांना बोलावलं, ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या. चारातल्या तिघांना आब्ट जास्त आवडली. मला? मी चुकीचा ग्लास ओळखला. आत्मविश्वासानं.

म्हणून मग मागवूच नये का? तसं नाही. पण माझे चार नियम झालेत. एक, दुकान कागदावर ‘बिअर’ लिहितं का, हे आधी ईमेलनं विचारा. उत्तर टाळलं तर विषय संपला. दोन, ज्या ब्रुअरीला आपली बिअर बाहेर जायला हवी आहे, तिचीच मागवा. रोशफोर आहे, लॅम्बिक पद्धतीच्या कितीतरी आहेत. तीन, लांबच्या प्रवासाला गडद आणि कडक बिअर टिकते. ताज्या हॉप्सच्या वासावर जगणारी बिअर गोदामात पडून शिळी होते. उन्हाळ्यात तर मागवूच नका. चार, कर पहिल्या दिवशीच हिशोबात धरा, सहा बाटल्यांपेक्षा बारा मागवल्या तर शिपिंग आणि फी वाटली जाते.

पुण्या-मुंबईहून बऱ्याच जणांनी विचारलंय, भारतात मागवता येईल का? घरबसल्या पार्सलनं, विसरा. आयात शुल्कच शंभर टक्क्यांच्या वर, शिवाय प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क खातं वेगळं. पण परदेशातून येणाऱ्या माणसाला सामानात दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. 330 मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे 1.98 लिटर. बरोबर बसतात! कपड्यांत गुंडाळा, आणि महाराष्ट्रात परमिटचं तेवढं बघा.

आणि ब्रिटनमधली गंमत तर याहून मोठी. पार्सलनं आलेल्या दोन लिटरवर माझे 27 पाउंड गेले. तेच मी स्वतः जाऊन आणली, तर 42 लिटर बिअर करमुक्त. 127 बाटल्या! नियमही जणू सांगतोय, बाबा रे, तू स्वतः जा.

तर मी शेंगेनची अपॉइंटमेंट घेतली आहे. स्टेटमेंट्स छापली, कंपनीचं पत्र आलं. मठाच्या समोर त्यांचंच कॅफे आहे, इन द व्रेदे. तिथे ही बिअर ग्लासात मिळते, गाडीचा नंबर न सांगता. 127 बाटल्या आणायचा विचार नाही. एक तिथे बसून प्यायची आहे, घाई न करता. फॉर्मवर प्रवासाचं कारण विचारलंय. मी ‘पर्यटन’ लिहिलंय, आणि ते खरं आहे.

व्हिसा मिळाला तर पुढचा भाग तिथून. नाही मिळाला तर आब्ट आहेच. भेटू!