सुटकेच्या दिवशीची औषधाची चिठ्ठी

मनोविकाराच्या भरात ज्याच्या हातून गुन्हा घडला आणि शिक्षा भोगून किंवा जामिनावर सुटून जो आज ना उद्या आर्वी, हिंगणघाट वा पुलगावकडच्या आपल्या घरी परतणार, त्याच्या आप्तांना एकच धास्ती असते, आणि ती म्हणजे हा पुन्हा तसेच काही करून बसला तर काय. मनोरुग्णांपैकी बहुसंख्य कोणाच्याही अंगावर धावून जात नाहीत, उलट तेच अधिक मार खातात, हे आधी सांगितले पाहिजे. परंतु ज्यांच्या बाबतीत ही धास्ती निराधार नाही, त्यांच्यासाठी औषधाइतका भरवशाचा उपाय दुसरा क्वचितच सापडेल.

स्वीडनमध्ये सीना फझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्याऐंशी हजारांवर रुग्णांच्या २००६ ते २००९ मधील सरकारी नोंदी तपासल्या, आणि एकाच माणसाचा औषध चालू असतानाचा काळ त्याच्याच औषधाविनाच्या काळाशी ताडून पाहिला, तेव्हा छिन्नमनस्कतेसारख्या विकारांवरील औषधांच्या काळात हिंसक गुन्हे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे तुरुंगातून सुटलेल्या बंद्यांचीही अशीच पाहणी झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ही घट ४२ टक्के होती. ज्याला शेजाऱ्याने आपल्या विहिरीत विष कालवल्याची खात्री पटलेली असते, आणि तसे बजावणारे आवाज ज्याच्या कानी अहोरात्र पडतात, त्याचा तो संशय आणि ते आवाज या गोळ्या ओसरवतात. धुऱ्याचे भांडण किंवा दारूचा कैफ मात्र त्यांनी जात नाही. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी असली, तरी हातभट्टी कोठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

कैदी आत असतो तोवर गोळी वेळच्या वेळी हातावर पडते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातील कलम १०३ अन्वये कारागृहात मनोरुग्ण नसल्याचा दाखला तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीस पाठवावयाचा असतो, आणि असल्यास त्याच्या उपचाराची तजवीज करावयाची असते. खरा खंड पडतो तो सुटकेच्या दिवशी, कारण कपडे आणि जमा रक्कम हाती येते, पण औषधाची चिठ्ठी पुष्कळदा येत नाही. म्हणून न्यावयास जाणाऱ्याने औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख तेथेच लिहून मागावी, काही दिवसांच्या गोळ्याही मागाव्यात, आणि त्या संपण्याआधी जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठावे.

गोळी चहात वा वरणात चुरून देण्याची युक्ती घरोघरी चालते. ती करू नये. एके दिवशी वाटीच्या तळाशी पांढरा गाळ दिसतो, आणि अन्नात काही तरी कालवतात हा ज्याचा मूळचाच भ्रम, त्याला आता पुरावाच मिळतो. रोज गोळी घेणे होत नसेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन त्याच्या संमतीने सुरू करता येते. औषधाने हात कापणे, अंग ताठरणे, लाळ गळणे, वजन वाढणे या तक्रारी खोट्या नसतात. त्यासाठी मात्रा कमी करता येते, औषधही बदलता येते, मात्र हे डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावे, आणि बरे वाटते म्हणून आपल्या मनाने गोळी थांबवू नये. विदर्भातील श्रोत्यांसाठी आणखी एक सूचना: या औषधांनी शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती कमी होते, तेव्हा वैशाखात अशा माणसास भर दुपारी वखरणीला धाडू नये आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी ठेवावा.

झोप उडणे, स्वतःशीच पुटपुटणे, घरचे ताट बाजूला सारून फक्त स्वतः रांधलेलेच खाणे, यांतले काही दिसू लागले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात न्यावे. आणि तो यायला तयार नसेल तर ठाणेदाराकडे जाण्याची पाळी येण्याआधी टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारणा करावी, तेथे मराठीतून बोलता येते.