थंडीचा अंदाज आणि आपली फरदड

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



दिवाळी जवळ आली की प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास उठतो. यंदा थंडी किती पडणार? शहरातला माणूसही हे विचारतो, पण त्याला फक्त पेटीतले स्वेटर काढायचे की नाही एवढेच ठरवायचे असते. आपल्याला ठरवायचे असते ते पऱ्हाटी उपटायची की ठेवायची, वरच्या बोंडांसाठी आणखी एक पाणी, एक बॅग आणि दोन फवारे घालायचे की नाही, शाळूच्या भरवशावर लेकीचे लग्न धरायचे की पुढच्या सालावर ढकलायचे. म्हणजे थंडीचा अंदाज हा आपल्यासाठी पैशाचा सौदा आहे. आणि ज्या सौद्यात पैसा आपला आणि सल्ला दुसऱ्याचा, तो सौदा नीट तपासून घ्यावा लागतो.

आम्ही हे पुस्तक वाचून बोलत नाही. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्या साली आमच्या गावातल्या आम्ही आठ-दहा जणांनी डिसेंबरात पऱ्हाटी तशीच ठेवली. विहिरीत थोडे पाणी होते, झाडाच्या शेंड्याला बोंडे दिसत होती, आणि दुकानदार म्हणाला, यंदा थंडी कडाक्याची आहे, अळी आपोआप मरून जाईल, बिनधास्त ठेवा. आम्ही ठेवली. पाणी दिले, युरिया टाकला, फवारले. फेब्रुवारीत वेचायला गेलो तर बोंडात कापसापेक्षा किडकी सरकी जास्त. वेचणाऱ्या बायांनी दुप्पट मजुरी मागितली, आणि त्यांचे काय चुकले? दिवसभर वेचून किलो भरत नव्हते. दुकानदाराची उधारी मात्र पूर्ण भरावी लागली. थंडी खोटी ठरली म्हणून त्याने एक रुपया सोडला नाही.

पुढे आम्हाला समजले की थंडी पडली असती तरी ती अळी मरणार नव्हती. शेंदरी बोंडअळी थंडीच्या दिवसांत सरकीत, वाळल्या बोंडात झोपून राहते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात बसते आणि ऊन तापले, नवे पाते-फूल दिसले की उठते. तिला जगायला आपण फरदड ठेवतो, बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग ठेवतो, जिनिंगच्या आवारात सरकी ठेवतो. आपल्याकडच्या थंडीत तिला मारण्याइतका जोर नाही. म्हणून पहिला मुद्दा हा की अंदाज बरोबर निघाला तरी त्यावरून काढलेला सल्ला चुकीचा असू शकतो.

आता अंदाजाकडे वळू. मोबाईलवर रोज कोणी ना कोणी सांगतो की ‘ला निना’ आला, म्हणजे यंदा हाडे गोठवणारी थंडी, किंवा ‘एल निनो’ आला, म्हणजे थंडी गायब. प्रशांत महासागराच्या मधल्या पट्ट्यात पाणी नेहमीपेक्षा गार झाले की ला निना, तापले की एल निनो. अर्ध्या अंशाचा फरक महिनोन् महिने टिकला की शास्त्रज्ञ तसे नाव देतात. त्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे, थंडीशीही थोडा आहे. ला निनाच्या साली उत्तर हिंदुस्थानात थंडी जास्त पडण्याकडे कल असतो. पण कल म्हणजे हमी नव्हे.

हिशेबच पाहा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. नागपूरच्या नोंदीतला तो नीचांक. तो हिवाळा कोणता होता? सौम्य का होईना, एल निनोचा. उलट २०२०, २०२१ आणि २०२२ असे लागोपाठ तीन हिवाळे ला निनाचे गेले. त्यांपैकी पहिल्यात, जानेवारी २०२१ मध्ये, देशाच्या रात्री नेहमीपेक्षा बऱ्याच उबदार निघाल्या. दुसऱ्याच्या शेवटी मार्च २०२२ आला, तो १९०१ पासूनच्या नोंदीतला सर्वांत तापलेला मार्च. तिसऱ्याच्या शेवटी फेब्रुवारी २०२३, तेव्हा दिवसाच्या तापमानाने फेब्रुवारीचा तोवरचा उच्चांक मोडला. ज्याने ‘ला निना, म्हणून थंडी’ एवढ्यावर शाळूचा हिशेब केला, त्याच्या ताटात काय पडले असेल ते तुम्हीच सांगा.

असे का होते? आपल्याकडे थंडी तीन महिन्यांचा मुक्काम करायला येत नाही. ती चार दिवसांच्या पाहुण्यासारखी येते, जाते, पुन्हा येते. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी वारे निघतात, ते काश्मीर-हिमाचलवर पाऊस-बर्फ टाकून पुढे सरकतात. ते सरकले की मागून कोरडे उत्तरेचे वारे खाली उतरतात, आभाळ निरभ्र होते, आणि दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब मोकळ्या आभाळात सोडून देते. म्हणून बातम्यांत तिकडे बर्फ पडून ऊन पडल्याचे दाखवले की दोन-तीन दिवसांनी खानदेशात, वऱ्हाडात, मराठवाड्यात हुडहुडी भरते. पण त्याच वेळी बंगालच्या उपसागरात वादळ उठले तर पूर्वेकडून ओलसर वारे येतात, आभाळ भरते आणि थंडी मोडते. आभाळ हे जमिनीवरचे घोंगडे आहे. ५ डिसेंबर २०२३ ला मिचाँग वादळ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला लागले आणि आभाळ इकडे विदर्भापर्यंत आले. असे वादळ कोणत्या आठवड्यात उठेल हे दिवाळीत बसून जगातला कोणी सांगू शकत नाही.

अंदाजाचा धंदा जुना आहे. हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली. लगेच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि सरकारला पाऊस आधी कळावा अशी निकड वाटली. ब्लॅनफर्ड नावाच्या खात्याच्या प्रमुखाने हिमालयावर बर्फ किती साठले ते पाहून पुढच्या पावसाळ्याचा अंदाज करायला सुरुवात केली. पुढे १९०४ साली आलेल्या वॉकरने जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या, त्यातूनच आज ज्याला आपण एल निनो-ला निनाचे गणित म्हणतो त्याचा अर्धा भाग निघाला. हे कार्यालय तेव्हा सिमल्याला होते, १९२८ साली पुण्यात आले. पुण्यात त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, रिक्षावालाही त्याच नावाने ओळखतो. सांगायचे एवढेच की सारी अक्कल पावसाच्या मागे लागली होती. डिसेंबर ते फेब्रुवारी असा संपूर्ण हिवाळ्याचा अंदाज खाते द्यायला लागले ते २०१६ पासून. ते काम अजून कोवळे आहे.

आपल्या बापजाद्यांनीही थंडी पाहिली, पण पावसासाठी. बृहत्संहितेत वराहमिहिराने लिहून ठेवले आहे की मार्गशीर्ष-पौषात मेघांचा गर्भ धरतो आणि १९५ दिवसांनी पाऊस होतो. आपल्याकडची म्हातारी माणसे धुई पडली की दिवस मोजतात ते याच हिशेबाने. भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला होते, तिच्यातही पिकापाण्याचा आणि पावसाचा विचार मोठा. आम्ही कोणाची टिंगल करायला उभे नाही. धुईची नोंद ठेवणारा म्हातारा निदान आभाळाकडे बघत होता. आपण पडद्याकडे बघतो.

खात्याचा अंदाज ऐकताना एक खूण लक्षात ठेवा. ‘किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’ असे वाक्य आले म्हणजे रात्री नेहमीपेक्षा उबदार, म्हणजे थंडी कमी. ‘तापमान जास्त’ ऐकून थंडी जास्त समजणारे आम्ही पाहिले आहेत. आणि ‘शक्यता ५५ टक्के’ म्हणजे १०० पैकी ४५ वेळा ते तसे घडणार नाही. ज्या सौद्यात ४५ वेळा बुडायचे असते त्यात घरचे सगळे बी-भांडवल घालायचे नसते, हे बैलबाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. ‘थंडीची लाट’ या शब्दालाही माप आहे. मैदानी भागात पारा १० अंशांवर किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त खाली गेला तरच खाते लाट म्हणते. मोबाईलवाल्याच्या लाटेला माप नसते.

मग आपण विचारावे काय? थंडी किती, यापेक्षा आपले नुकसान कशाने होते ते विचारावे. शाळूचेच घ्या. पोटरीत, निसवताना सलग काही रात्री पारा फार खाली गेला तर परागकण कमजोर होतात आणि कणीस भुंडे राहते, दाणा विरळ भरतो. हे खरे. पण आमच्या पाहण्यात कोरडवाहू शाळूला त्याहून जास्त मारले ते दोन गोष्टींनी. एक, ढगाळ दमट हवा. आभाळ आले की मावा वाढतो, पानांवर चिकटा पडतो, कडबासुद्धा जनावर तोंडात घेत नाही. दुसरी, उबदार कोरडा हिवाळा. जमिनीतली ओल लवकर उडते, दाणा भरायच्या वेळी ताट तहानलेले राहते, आणि खडखड्या लागून ऐन वेळी ताटे आडवी होतात. गार हिवाळा शाळूला बहुतेक वेळा ओल राखून देतो.

म्हणून शाळूचा अंदाज आभाळात आधी पाहू नका, जमिनीत पाहा. दोन-तीन ठिकाणी दोन हात खड्डा घ्या, खालची माती मुठीत दाबा. गोळा होतो का? तर ताट थोडी ऊब सोसेल. भुगा होतो का? तर थंडी पडो न पडो, कोळपे चालवा. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यातली कोळपणी ही आपल्या हातातली आहे. तिसरी कोळपणी मजुरी वाचवायला बहुतेक जण टाळतात, आणि भेगा बुजवायचे काम तीच करते. ज्याची जमीन हलकी, त्याने मालदांडीच्या मोठ्या कणसाचा मोह धरून दाट ताटे ठेवू नयेत.

कपाशीचे वेगळे. गार रात्रींनी पाने लाल होतात, लाल्या म्हणतो तो. त्यात थंडीचा हात असतो, पण नत्र आणि मॅग्नेशियमची उपासमार आधीपासून असते. बोंडे उमलायला उशीर होतो तो थंडीनेच. मात्र खरे नुकसान उघड्या बोंडावर पडलेल्या पाण्याचे. २६ नोव्हेंबर २०२३ ला आणि पुढे दोन दिवस जो अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या, त्यात वेचायला आलेल्या कापसाची कवडी झाली ती कोणत्या थंडीच्या अंदाजात होती? आणि फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट? हुरड्याला आलेली, काढणीला आलेली ज्वारी शेतात काळी पडली, मराठवाड्यात लोकांनी जनावरांपुढे टाकायलाही कचरले.

आणखी एक बारीक गोष्ट. थंडी-धुईच्या दिवसांत सकाळी लवकर वेचणी लावू नका. दवात वेचलेला कापूस वजनाला बरा वाटतो, पण कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. खाजगी व्यापारी तर हात घालूनच ओलावा ‘मोजतो’. ऊन चढू द्या, दव सुटू द्या.

फरदडीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी शेताबाहेर. कोणी थंडीचा हवाला देऊन ठेवायला सांगत असेल, तर त्याला विचारा की अंदाज चुकला तर फवाऱ्याची उधारी तू माफ करशील का? लेखी देशील का? आम्ही पुढच्या हंगामात विचारले. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता जोखमीचे. खानदेशातल्या केळीच्या हवामान विम्यात, पारा सलग तीन दिवस ८ अंशांवर किंवा खाली राहिला तर भरपाई, अशी अट राहिली आहे. म्हणजे थंडीने पीक मरते हे विमावाल्यांना मान्य आहे. मग निसवणाऱ्या ज्वारीला असे माप का नाही? ज्वारीचा सगळा हिशेब मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला, आणि त्याबरोबर गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचे, काढणीनंतरच्या नुकसानीचे निकषही काढून टाकले. गार पडते एका शिवारात, सरासरी निघते अख्ख्या मंडळाची. महावेध प्रकल्पात दोन हजारांवर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्या यंत्रात आपल्या मंडळाचा पारा दर रात्री नोंदला जातो. तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागला पाहिजे, ही मागणी या बैठकीतून गेली पाहिजे. तीन महिन्यांच्या भाकितापेक्षा कालच्या रात्रीचा खरा आकडा आपल्या जास्त कामाचा.

तोवर जे मिळते ते वापरा. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, त्यातले पुढचे पाच दिवस बऱ्यापैकी भरवशाचे असतात. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कल निघतो. त्यातले पहिले दोन आठवडे पाहा, पुढचे नुसते ऐका. वेचणी, फवारणी, कोळपणी, मळणी ही कामे पाच दिवसांच्या अंदाजावर ठरतात आणि तेवढ्यासाठी तो पुरतो.

आणि प्रत्येक गावात निदान एकाने साधा थर्मामीटर घ्यावा. गोठ्यात सावलीला, वारा खेळेल अशा जागी, छातीच्या उंचीवर टांगावा. भिंतीला चिकटवू नये, पत्र्याखाली लावू नये. पहाटे, दिवस उगवायच्या आधी आकडा पाहून वहीत लिहावा, शेजारी वारा कुठला, आभाळ कसे, दव किती, एवढेच. नाल्याकाठच्या खोलगट वावरात गार हवा साचते, तिथे आणखी एक लावला तर फरक कळेल. आमच्या गावात गेल्या साली दोन वह्या झाल्या, एक आमची आणि एक शाळेतल्या पोरांची. पोरांची जास्त नीट आहे.

निघण्यापूर्वी ज्या गावांतून नोंद ठेवणार त्यांनी गावाचे नाव आणि शाळू कोणत्या नक्षत्रात पेरला ते तालुकाप्रमुखांकडे लिहून द्यावे. संक्रांतीनंतरच्या बैठकीला वह्या सोबत आणायच्या आहेत. तेव्हा दिवाळीत मोबाईलवर कोण काय बोलला होता तेही त्यांच्या शेजारी ठेवून वाचू.