समेवर हात उचलायचा

भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या आमच्या राहू परिसरात दिवसा गुऱ्हाळांची धडधड आणि संध्याकाळी हरिपाठाचे टाळ. अशाच एका हरिपाठात आईला चिकटून बसलेला सात वर्षांचा स्वमग्न मुलगा मी पाहिला. नावानं हाक मारली तर वळायचा नाही; टाळ थांबले की मात्र मान वर करायचा. संगीतोपचार करणाऱ्याचं काम त्या वर झालेल्या मानेपासून सुरू होतं.

मी ढोलकीवर केरवा धरायचो. आठ मात्रा वाजवायच्या आणि समेवर हात उचलायचा. त्याच्यासाठी जागा मोकळी. आठवड्यातून दोनदा, कित्येक आठवडे ती मोकळीच राहिली. मग एक दिवस तिथं त्याची थाप पडली. आईचे डोळे भरले. "आता तबला शिकंल का हो?" मी म्हटलं, "ताई, तबल्याचं नंतर बघू. आता आपली पाळी आहे, हे त्याला उमगलंय." बोलण्यातही पाळीच असते ना!

इंग्लंडमध्ये १९५९ साली पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे शिक्षक अशा मुलांसोबत संगीतातून काम करू लागले. मुलाच्या हालचालीतून, रडण्यातूनसुद्धा ते सूर उचलत. संगीतोपचारानं स्वमग्नता 'बरी' होते असं कुणी सांगितलं, तर पैसे देऊ नका. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरच्या अभ्यासात, २०१७ साली, पाच महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेत ठळक फरक दिसला नव्हता. अशा अभ्यासांच्या २०२२ च्या मोठ्या आढाव्यात एकूण सुधारणेची शक्यता वाढलेली दिसली. मला दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे वाटतात.

या कामात यायचं असेल, तर गळा गोड असून भागत नाही. मुलांची वाढ समजून घ्यावी लागते, वाचा-उपचार आणि फिजिओथेरपी करणाऱ्यांसोबत बसावं लागतं, प्रत्येक सत्राची नोंद ठेवावी लागते. पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी याचं शिक्षण मिळतं. आणि काही मुलांना झांजेचा आवाज अक्षरशः टोचतो. त्यांनी कान झाकले, की वाद्य खाली ठेवायचं.

तो मुलगा आता टाळ घेऊन पुढच्या रांगेत बसतो. गजर संपला तरी त्याचा एक ठोका उरतो. मंडळी तेवढं थांबतात.